नारळाच्या डोक्यावरचं टोपडं

मी टोपडं बोलतोय. जरा हळू बोलतोय, कारण माझ्याखाली कुणीतरी झोपलंय. तुम्हीही चपला बाहेरच काढा आणि पंख्याखाली बसा.

रंगाने मी लिंबाच्या सालीसारखा पिवळा. मुलगा होणार की मुलगी हे ठाऊक नसलं की लोक गुलाबी घेत नाहीत, निळा घेत नाहीत, हा मधला घेतात. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हरेशभाईंचं लोकरीचं दुकान आहे. तिथल्या फळीवर मी गुंडा होऊन पडलो होतो. माईंनी मला गालाला लावून पाहिलं. हरेशभाई म्हणाले, "माई, बेबीवाला वूल आहे, एकदम सॉफ्ट. चावला तर वापस आणा, मैं बैठा हूँ."

माई अंबरनाथ पूर्वेला राहतात. त्यांची लेक ऋता बदलापूरला सासरी, आणि तिला आठवा महिना लागायला आला होता. माईंचं हे पहिलं नातवंड. त्याच्या डोक्यावर पहिलं टोपडं आपल्या हातचं आणि आपल्याच हाताने घालायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

माझा जन्म टाळूपासून झाला. माईंनी बोटाभोवती लोकरीचे दोन वेढे घेतले, त्या गोलात क्रोशाच्या सुईने बारा खांब, म्हणजे उभे टाके, घातले आणि मोकळं टोक ओढलं. गोल आवळला, मधलं भोक नाहीसं झालं. तिथून गोल गोल फिरत मी खाली कानापर्यंत आलो. शेवटी कडेला कंगोरे, दोन बंद आणि बंदांना गोंडे. हा सगळा प्रकार मला मनापासून आवडला होता. माझ्या अडचणी पुढे सुरू झाल्या.

पहिली अडचण म्हणजे माईंचे यजमान, अवधूतराव. एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. निवृत्त झाले तरी त्यांच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर असतो. इतर पुरुष पेन ठेवतात तसा. पोळीची जाडी त्याने मोजतात म्हणून स्वयंपाकाच्या संध्याताईंनी एकदा काम सोडलं होतं.

विणून झाल्यावर माईंनी बोथट सुईने माझी दोन्ही टोकं आत लपवली. अवधूतरावांनी मला उलटं केलं, चष्मा वर केला आणि टाळूचं टोक चिमटीत धरून ओढलं.

"आलं बाहेर. रिजेक्ट."

"अहो, मूल काय टोपडं उलटं करून ओढणार आहे?"

"पोरं काहीही ओढतात. एका बाजूला घातलंस, आता परत फिरव. मग आडवं घे."

माईंनी टोक उजवीकडे नेलं, परत फिरवलं, आडवं नेलं. अवधूतरावांनी ओढलं, पुन्हा नापास. तिसऱ्या खेपेला माईंना राग आला. त्यांनी ते टोक असं काही आत घातलं की मला स्वतःलासुद्धा ते कुठे गेलं हे कळलं नाही. मग अवधूतराव म्हणाले, "पास."

दुसरी अडचण म्हणजे नारळ. विणलेली वस्तू धुऊन, ओली असतानाच आकारावर चढवून वाळवली की छान बसते. भांडं टोकदार, चेंडू लहान. बाळाचं डोकं केवढं असतं यावर दोघांचा वाद झाला आणि माई म्हणाल्या, "नारळाएवढं." अवधूतराव कॅलिपर घेऊन भाजीवाल्याकडे गेले आणि सतरा नारळ मोजून एक घेऊन आले. भाजीवाल्याने पुढे कितीतरी दिवस त्यांना पाहिलं की नारळाच्या ढिगावर पोतं टाकायचा क्रम ठेवला.

नारळाची शेंडी थोडी कातरली, मला पिळून त्याच्यावर चढवलं, बंद बांधले आणि आम्हां दोघांना खिडकीत ठेवलं. ओल्या अंगाने एका नारळाला मिठी मारून बसायचं, हे काही मी जन्माला येताना मनात धरलेलं नव्हतं. पण दोन दिवसांचा प्रश्न आहे म्हणून गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंधारचा, म्हणजे जावयांचा, फोन आला. ऋता बाळंत झाली होती, सात आठवडे आधीच. मुलगी होती, जेमतेम पावणेदोन किलोची. ती काचेच्या पेटीत होती आणि आई-बापांशिवाय कुणालाही आत सोडत नव्हते. त्यात माईंना जुना खोकला. डॉक्टरांनी निरोप दिला की खोकला पुरता जाईपर्यंत आजींनी घरीसुद्धा येऊ नये.

माई फोन ठेवून खिडकीपाशी आल्या. मला वाटलं, आता मला काढून घडी घालून कपाटात ठेवतील. त्यांनी नारळ उचलला, माझ्यासकट, आणि खांद्याला लावला. बराच वेळ थोपटत उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला नारळाचा राग आला नाही.

पुढचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं ते सांगायला मला थोडी लाज वाटते. माईंनी नारळ खिडकीतून उचलून पलंगावर, दोन उशांच्या मध्ये ठेवला. का, तर गडगडू नये. संध्याताई पहिल्या दिवशी किंचाळल्या, दुसऱ्या दिवशी "बाई गं, किती शांत आहे" म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी नारळाला काजळाची तीट लावली. कुणाची दृष्ट लागायला नको. तिकडे बदलापूरला बाळाच्या अंघोळीची वेळ झाली की इकडे अवधूतराव इस्त्रीचा फवारा घेऊन यायचे आणि माझ्यावर पाणी उडवायचे.

"आकार टिकला पाहिजे," ते म्हणायचे. पण फवारा मारण्याआधी पाणी कोमट आहे ना, हे मनगटावर थेंब टाकून बघायचे.

व्हिडिओ कॉलवर ऋता विचारायची, "आई, काय करतेयस?" माई म्हणायच्या, "काही नाही गं, आत्ताच निजवलं." ऋता आधी हसायची. मग तीही "रडलं नाही ना?" असं विचारायला लागली.

आणि मी? मी या सगळ्यात नारळाची टोपी होतो. घरात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय गोड दिसतोय!" माझ्याबद्दल नव्हे, नारळाबद्दल.

दोन महिन्यांनी माईंचा खोकला गेला. बाळ घरी आलं होतं, अंग धरत होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि रविवारी बारसं ठरलं. बुधवारी माईंनी माझे बंद सोडले आणि मला वर उचललं. मी निघेना. त्यांनी जरा जोर लावला, तर नारळही माझ्याबरोबर वर आला. माईंनी चष्मा लावून पाहिलं. माझ्या टाळूच्या त्या आवळलेल्या गोलातून बोटाच्या पेराएवढा हिरवा कोंब बाहेर आला होता. दोन महिने कोमट पाणी मिळालं, तर नारळ तरी काय करेल?

"अहो! हे बघितलंत?"

अवधूतराव पेपरमागे गेले. "बघितलं. मागच्या सोमवारी."

"आणि बोलला नाहीत? तुम्ही? पोळीतला फरक सांगता!"

उत्तर म्हणून त्यांनी आपली डायरी पुढे केली. तीत रोज सकाळी जावयांकडून कळलेलं बाळाचं वजन लिहिलेलं होतं. मागच्या सोमवारपासून त्याच्या शेजारी आणखी एक आकडा होता, मिलिमीटरमध्ये. बाळ तीन किलो दोनशे, कोंब चार. बाळ तीन किलो दोनशे चाळीस, कोंब सहा. वजन एक दिवस वाढलं नव्हतं. त्या दिवशी कोंबही वाढला नव्हता, आणि त्या पानावर अवधूतरावांनी तीन वेळा मोजल्याच्या तीन खुणा होत्या.

माई वाचून खाली बसल्या. आता तो कोंब कापायची कुणाची छाती होती? आणि मला कापायचं म्हटलं तर बारशाला बाळाच्या डोक्यावर काय घालणार? संध्याताई म्हणाल्या, "टोपड्याचं टोक सोडवा ना, गोल ढिला होईल." बरोबर होतं. सुरुवातीचं टोक सापडलं, तर आवळलेला गोल उघडला असता आणि कोंब अलगद निसटला असता. पण ते टोक दोन वेळा नापास होऊन तिसऱ्यांदा लपलेलं होतं. माईंनी गुरुवारभर शोधलं. अवधूतरावांनी भिंग लावून शोधलं.

"कुणी सांगितलं होतं एवढं लपवायला?" माई म्हणाल्या. माझ्या पाहण्यात अवधूतराव पहिल्यांदाच आपल्या तपासणीमुळे खाली मान घालून बसले होते.

शुक्रवारी आम्ही हरेशभाईंकडे निघालो. शेअर रिक्षात माईंनी आम्हांला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "केवढं आहे?"

"दोन महिन्यांचं," माई म्हणाल्या.

"झोपलंय वाटतं."

"अजून डोळे उघडलेले नाहीत," अवधूतराव म्हणाले. हा माणूस खोटं बोलत नाही.

बाईंनी कौतुकाने शाल जराशी बाजूला केली. तीट पाहिली, हिरवा कोंब पाहिला आणि "इथेच, इथेच थांबवा," म्हणत त्या मधेच उतरल्या.

हरेशभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शहाण्या माणसासारखं बोलले. "माई, दुसरा विणा ना! सेम कलर देतो. दो दिन का काम आहे."

"विणीन हो," माई म्हणाल्या आणि त्यांनी शाल आमच्याभोवती आणखी घट्ट ओढली. "पण दोन महिने तिला हात लावता येत नव्हता, म्हणून मी यालाच पोटाशी धरत होते. तिच्यासाठी जे काय मनात यायचं ते सगळं या टोपड्याला सांगितलंय. ते इथेच ठेवून दुसरं कसं नेऊ?"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळं माझ्याच कानावर पडत होतं. पण त्या असं कुणासमोर म्हणतील असं वाटलं नव्हतं. हरेशभाईंनी गल्ल्याला कुलूप लावलं आणि आम्हांला मागच्या गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यात काशीबाईंकडे नेलं.

काशीबाई अंबरनाथजवळच्या एका गावच्या. दिवसभर जीन्सचे सुटे धागे शोधून कापायचे, हे त्यांचं काम. त्यांच्याभोवती निळ्या पँटींचा डोंगर होता. त्यांनी नारळाकडे पाहिलं, हसल्या नाहीत. हात पदराला पुसले.

"मना द्या. बालाचं हाय ना?"

"भिंग देऊ?" अवधूतरावांनी विचारलं.

"डोल्यांनी नाय गावत ह्यो. बोटांनी गावतो." त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या टाळूवरून अंगठा फिरवायला लागल्या. एक ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत अंगठा थांबला. "जिथं लपवलाय तिथं जरा जाड लागतं. कोनी लपवला ह्यो? हात चांगला हाय."

माईंनी अवधूतरावांकडे पाहिलं. अवधूतरावांनी पँटींच्या डोंगराकडे पाहिलं.

काशीबाईंनी सुईच्या टोकाने एक धागा उचलला, मग हळूहळू मागे, आडवा, उलटा, जसा गेला होता तसा बाहेर काढला. माझा गोल सैल झाला. मला आयुष्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. काशीबाईंनी मला वर उचललं आणि कोंब जराही न दुखावता माझ्यातून निघून गेला.

"आता पहिल्यासारखा आवलू?"

माई हो म्हणणार, तेवढ्यात अवधूतराव म्हणाले, "नको. थोडं सैल राहू द्या. आणि टोक लपवा, पण सापडेल असं." हे त्या माणसाने म्हटलं. हरेशभाई आणि काशीबाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही, पण माई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

रविवारी बदलापूरला बारसं झालं. पाळणा सजला, बायका जमल्या आणि ऐन वेळी कळलं की वरवंटा नाही. बाळाआधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, ही रीत. पण त्या घरात वाटण मिक्सरवर होतं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा अवधूतरावांनी पिशवीतून नारळ काढला, कोंबासकट, तिटेसकट. मला पुन्हा त्याच्या डोक्यावर चढवलं. ऐन बारशात मी पुन्हा नारळावर! सैल गोलातून कोंब बाहेर काढून नारळ या हातातून त्या हातात, पाळण्याच्या वरून आणि खालून फिरला, आणि बायका हसून हसून खाली बसल्या. मी मात्र रुसलो होतो.

मग माईंनी मला काढलं. ऋताने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. माईंना नीट दिसत नव्हतं, डोळे भरून वाहत होते. त्यांनी चाचपडतच मला त्या डोक्यावर ठेवलं आणि बंद बांधले. मी अगदी बेताचा बसलो.

नारळ गार होता. हे ऊबदार होतं. आणि माझ्या सैल गोलाखाली काहीतरी हलत होतं. वर येत होतं, खाली जात होतं.

अवधूतरावांनी खिशाकडे हात नेला. मग तो हात तसाच पुढे करून त्यांनी एक बोट माझ्या गोलावर टेकवलं आणि दचकले. "अगं, इथे काहीतरी उडतंय."

"टाळू आहे हो," माई म्हणाल्या. "भरायची आहे अजून."

त्यांनी बोट काढलं नाही. मुलीचं नाव जिज्ञासा ठेवलं ते त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं. त्या दिवशीचं डायरीचं पान कोरं आहे.

नारळ आता याच घराच्या गॅलरीत पिंपात लावलाय. त्याला तीन पानं आली आहेत आणि माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. तिची टाळू भरेपर्यंत मी इथे आहे. पुढे मी लहान होईन, मला उसवून दुसरं काही करावं लागेल, तेव्हा कात्री आणू नका. टोक तिसऱ्या ओळीत उजवीकडे आहे. डोळे मिटून अंगठा फिरवला की सापडेल.

आता ती चाळवतेय. जाताना दार नुसतं लोटून घ्या.