हूशंगचा पाहुणचार

कॅसल हिलला माणसं नाहीत असं नाही. माझी मुलगी तेजश्री सकाळी मेट्रोने जाते, संध्याकाळी लॅपटॉप घेऊन परत येते, "बाबा, जेवलात ना?" एवढं विचारते आणि पुन्हा कॉलवर बसते. माझी बायको रेखा गेल्यावर मी इथे आलो. तेव्हापासून माझ्याशी भांडायला उभ्या सिडनीत एकच माणूस होता, शेजारचा हूशंग.

मूळचा इराणमधल्या शिराझचा, निवृत्त दंतवैद्य, तोंडाचा फाटका. लायब्ररीमागच्या बाकावर आम्ही फाशांचा डाव मांडायचो. माझी सोंगटी चुकली की ओरडायचा, "गाढवा, तुला परराष्ट्र सेवेत घेतलं कुणी?" तेहरानला मी आपल्या दूतावासात होतो हे त्याला ठाऊक होतं. तिथे काय करायचो ते त्याने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

कॅनबेरातल्या सरकारने इराणच्या राजदूताला घालवलं, त्या दिवशी हूशंग पिस्त्याच्या मिठाईचा डबा घेऊन आला. "हाकललं रे, हाकललं!" मुकाट्याने मिठाई तोंडात टाकायची की नाही? पण मला कुठली बुद्धी!

"वेडेपणा केला तुमच्या सरकारने," मी सुरू झालो. "पाश्चात्त्यांचं इतकी वर्षं हेच चाललंय. आज निर्बंध, उद्या हॉटेलात वाटाघाटी, परवा झालेला करार फाडायचा. स्वतः बोलायचं नाही, स्विस नाहीतर ओमानी माणसाकरवी निरोप धाडायचे, भांडलेल्या जावा पोरांकरवी धाडतात तसे. अरे, बोलणंच तोडलं तर तिथल्या तुरुंगात कोण कोंडलंय ते कळणार कसं? मी तासन् तास बसलोय त्या इराणी अधिकाऱ्यांबरोबर, जेवलोय. तेव्हा कुठे आमचे दोन भारतीय खलाशी सुटले."

हूशंगने डब्याचं झाकण लावलं. "जेवलास? कुठल्या साली?"

मी साल सांगितलं.

"त्या साली माझा धाकटा भाऊ एविनच्या तुरुंगात होता. जेवताना त्याच्याबद्दल विचारलंस?"

नव्हतं विचारलं. तो आपला नागरिक नव्हता, परक्या कैद्याबद्दल विचारायची मला मुभा नव्हती. हेही मी त्याला सांगितलं, मोठ्या शहाण्यासारखं. तो उठून गेला.

आयुष्यभर शब्द तोलूनमापून बोललो. म्हातारपणी एका माणसापाशी तोंड सैल सोडलं, तर ही गत! अजूनही सांगतो, दूतावास बंद झाला की मरण सामान्य माणसाचंच होतं. माझं बरोबरच होतं. पण बरोबर असणं काय चाटायचंय? रोज बाकावर जाऊन मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचो. हरलो तरी कुणी हसायचं नाही. फार एकटं वाटायचं.

"बाबा, इगो सोडा ना," तेजश्री म्हणाली. "जा आणि सॉरी म्हणा, नो वरीज."

गेलो. हूशंगने इस्त्रीचा शर्ट घातला होता. "यावं, यावं! आपलं पाऊल माझ्या डोळ्यांवर." मला बैठकीच्या खोलीत बसवलं. केशराचा चहा आणला, सुका मेवा आणला, संत्रं सोलून पुढे ठेवलं.

"हूशंग, माझं चुकलं. तुझ्या भावाचं..."

"छे छे, आपण कशाला मनाला लावून घेता? मुलगी बरी आहे ना? यंदा थंडी जास्तच आहे."

मी पुन्हा विषय काढला. त्याने पुन्हा चहा ओतला.

हा पाहुणचार मी ओळखला. तेहरानच्या परराष्ट्र खात्यात मला असाच मिळायचा. ज्याच्याशी काही बोलायचंच नसतं, त्याला तो भरभरून देतात.

मला पोचवायला तो फाटकापर्यंत आला. तिथे मला राहवेना. "अरे, एक शिवी तरी दे!"

हूशंगने छातीवर हात ठेवला. "आपल्यासारख्या थोर माणसाला?" म्हणाला, आणि मी माझ्या दारात पोचेपर्यंत तसाच अदबीने उभा राहिला.