खंडेनवमीची उघडी फाईल

परभणीच्या त्या बियाणे कारखान्यात खंडेनवमीची पूजा खोलीखोलीनं व्हायची. आधी प्रयोगशाळा, मग पॅकिंग, गोदाम आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी ऑफिस. ज्या यंत्राला एकदा हळदकुंकू लागलं, त्याला दसऱ्याच्या सकाळपर्यंत बोट लावायचं नाही, हा प्रयोगशाळेच्या काशीनाथरावांचा नेम. नेम म्हणजे नेम. मालकसुद्धा त्यात कधी पडले नव्हते.

दुपारी दोनला राजेश्रीनं पोत्यांची लेबलं छापायला घेतली आणि संगणकानं सरळ नकार दिला. उगवणशक्तीची फाईल दुसरीकडे उघडी आहे, म्हणे. लेबलावर उगवणीचा टक्का आल्याशिवाय हरभऱ्याचं एक पोतं फाटकाबाहेर जात नाही. बाहेर तर पालमकडच्या शेतकरी गटाचा टेम्पो येऊन उभा होता आणि गटाचे अध्यक्ष दत्तराव ऑफिसच्या बाकावर बसले होते. दत्तराव म्हणजे राजेश्रीचे वडील. रानाला वापसा आलेला, उद्या साठ घरं तिफण धरणार. आज बियाणं सुटलं नाही तर उद्या सुट्टी, परवा रविवार, तोवर ओल उडून जाणार.

"काय करायलीस माय? छापंना का ते?"

"बसा बाबा. बघायलेय."

पोरगी परभणीत टायपिंग करते, असं दत्तराव गावात सांगायचे. सात वर्षं या कारखान्याचे सगळे संगणक आणि ते जोडलेला मुख्य सर्व्हर एकटीनं सांभाळणाऱ्या राजेश्रीला तो शब्द जेवताना खडा लागावा तसा लागायचा. पण बापाला काय समजावणार? तिनं कधी समजावलंच नव्हतं.

तिनं सर्व्हरवर उघड्या फायलींची यादी काढली. कोणत्या खोलीतून कोणती फाईल केव्हापासून उघडी आहे, सगळं तिथं दिसतं. उगवणशक्तीची फाईल प्रयोगशाळेच्या संगणकानं सकाळी अकरापासून धरून ठेवली होती. ती तडक तिकडे गेली. संगणकाला झेंडूची माळ, कपाळाला कुंकू, पुढ्यात नारळ.

"काका, हा आत चालूच आहे."

"शक्य नाही," काशीनाथराव म्हणाले. "मी स्वतः बंद केला. बघा, अंधार आहे."

अंधार होता तो पडद्यावर. काकांनी पडदा तेवढा मालवला होता. खालचा डबा आपला इमानेइतबारे चालू होता आणि फाईल सोडायला तयार नव्हता. राजेश्रीनं हात पुढे केला तसे काकांनी डोळे वटारले. "पूजा झालीये, राजेश्रीबाई."

तिनं हात मागे घेतला. आपल्या कामाचा मान राहावा असं वाटणाऱ्या बाईनं दुसऱ्याचा नेम मोडायचा, हे तिला पटेना.

ऑफिसात येऊन तिनं सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या साहेबांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी होती. "मॅडम, सर्व्हर बंद करून चालू करा."

"आणि पॅकिंगची, गोदामाची चालू कामं मधेच तुटली म्हणजे? ती तुम्ही येऊन जोडणार का?" तिनं फोन ठेवून दिला.

त्या एकट्या फाईलवरची पकड सर्व्हरवरून सोडवता येत होती. प्रयोगशाळेच्या यंत्राला बोटही लागणार नव्हतं. पण काकांनी भरलेलं काही जतन व्हायचं राहिलं असेल, तर ते गेलं. आणि चुकीचा टक्का छापला गेला, तर साठ घरांच्या रानात काय उगवेल? बोट माउसवरून उचलून ती पुन्हा काकांकडे गेली.

"काका, शेवटचा लॉट कोणता भरत होता?"

"हाच की, हरभऱ्याचा. शंभर शंभर दाण्यांचे चार भाग उगवायला घातलेले. तीन भरले, चौथ्याला..." काका थांबले. "चौथ्याला नारळ आणायला उठलो."

"मोजणीचा कागद?"

कागद खणात होता, चारही आकडे काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात. तिनं काकांना सोबत घेऊन आपल्या खुर्चीवर बसवलं. आधी फाईलची एक प्रत काढून ठेवली, मग यादीतली नेमकी ती ओळ निवडली आणि पकड सोडवली. बाकीच्या खोल्यांत कुणाला पत्ताही लागला नाही. फाईल उघडली. तो लॉट त्यात नव्हताच. काकांनी चार आकडे एकेका बोटानं भरले, तिनं कागदाशी दोनदा ताडून पाहिले.

छपाईयंत्र खडखडायला लागलं.

"बाई," काका हळूच म्हणाले, "तुम्ही विचारलं नसतं तर माझा लॉट गेला होता." चाळीस वर्षांत काशीनाथरावांनी आपली चूक कबूल केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हे काम आपल्याला येतं, चांगलं येतं, असं राजेश्रीला त्या क्षणी मोठ्यानं सांगावंसं वाटलं.

दत्तराव बाकावरून सगळं बघत होते. पोती चढली, टेम्पो फाटकाशी गेला, तशी राजेश्री पोहोचवायला चालत गेली. फाटकावर माल नेणाऱ्यानं वहीत नाव आणि हुद्दा लिहायचा असतो. दत्तरावांनी सावकाश लिहिलं. पहारेकरी वाचून हसला.

"मामा, इथं गटातलं पद लिहा. अध्यक्ष लिहा."

"अध्यक्ष काय, दर तीन सालाला बदलतोय," दत्तराव म्हणाले आणि टेम्पोत चढले.

राजेश्रीनं वही आपल्याकडे वळवली. नावापुढच्या रकान्यात बापानं लिहिलं होतं : राजेश्रीचा बाप.