विचाराल ते सोडून बाकी सारे

मित्रांनो, मी एका ऑनलाइन दुकानाची जुनी शोधचौकट आहे. दुकान उघडले की अगदी वर एक पांढरी लांबट चौकट दिसते ना, जिच्यात तुम्ही हवी ती वस्तू लिहिता? तीच मी. माझी कहाणी ऐकायची तर नाकाला रुमाल लावून ऐका, कारण माझ्या पोटात आता नुसता कचरा भरला आहे.

जन्मले तेव्हा मी मठ्ठ होते. लिहिलेला शब्द जसाच्या तसा सापडला तरच वस्तू दाखवायची, नाहीतर सरळ हात वर करायचे. मला शहाणे केले ते ताईंनी. कार्यालयात खिडकीजवळ बसणाऱ्या या बाईंचे कामच मुळी मला वळण लावण्याचे. आदल्या दिवशी कोण काय लिहून रिकाम्या हाताने परतले, ते त्या रोज सकाळी चहा गार होईपर्यंत वाचत बसत.

म्हाताऱ्या माणसांच्या काठीखाली रबराचे बूच असते. ते झिजले की काठी फरशीवर सटकते. आमच्या दुकानात त्याचे नाव होते 'घसरणरोधक आधार-टोक'. असले काही कोण लिहिणार? कोणी 'काठीचं बूच' लिही, कोणी 'काठीचा बूट', कोणी 'काठीखालचं रबर'. हे सगळे एकच, असे ताईंनी मला शिकवले. वस्तूच्या नावाला किती वजन द्यायचे, वर्णनाला किती, हे त्या चिमटीने मीठ घालावे तसे ठरवत, चाखून पाहत आणि पुन्हा बदलत. मग लोक एकदा लिहीत, हवी ती वस्तू पहिलीच दिसे आणि ती घेऊन ते आपल्या कामाला लागत. एका आजोबांनी तर कळवले होते, "तुमचं दुकान मनातलं ओळखतं बुवा!" ते ऐकून मी हरखून गेले होते.

मग दुकानाचे नवे प्रमुख म्हणून आले आकडेसाहेब. हे नाव त्यांना कार्यालयानेच ठेवले होते, अर्थात पाठीमागे. त्यांनी भिंतीवर मोठा पडदा लावला आणि लोक किती क्लिक करतात ते त्यावर मोजायला घेतले.

"एक क्लिक करून लोक पळतात? म्हणजे दुकान आवडत नाही त्यांना!" ते भर बैठकीत म्हणाले.

"अहो साहेब, सापडलं म्हणून जातात ते," ताई म्हणाल्या.

"ताई, तुम्हाला आकड्यांतलं कळत नाही हो."

नाकाने कांदे सोलणाऱ्यापुढे कोण काय बोलणार! हुकूम सुटला. गोदामात पडून राहिलेला माल वर चढवला, बारीकसारीक वस्तू तळाला ढकलल्या, ताईंनी शिकवलेले शब्द पुसून टाकले. काठीचे बूच मागणाऱ्याला मी सुगंधी मेणबत्त्या दाखवू लागले. वर दिसतात म्हणून लोक त्या उघडत, आणि लोक उघडतात म्हणून त्या आणखी वर चढत. बिचारे हे उघड, ते बंद कर, पुढचे पान बघ, असे करून मेटाकुटीला येत. पडद्यावरचा आकडा मात्र फुगत गेला. साहेबांनी केक कापला. लोकांच्या वैतागाला टाळ्या वाजवणारी ती तोंडे पाहून मला किळस आली. आणि तो कचरा वाढणारे हात माझेच, म्हणून स्वतःचीही शिसारी आली.

एका दुपारी कोणा बाईने 'बाबांच्या काठीचं बूच' असे लिहिले. मी मेणबत्त्या दाखवल्या. तिने पाने उलटली, पुन्हा लिहिले, पुन्हा उलटली. थोड्या वेळाने साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या पत्नीचा होता.

"अहो, तुमच्याच दुकानात शोधतेय मघापासून. बाबांची काठी फार सटकते हो. इथे नुसत्या मेणबत्त्या!"

"असेल गं तिथेच. नीट शोध. नाहीतर राहू दे, मी बघतो उद्या."

बोलताना त्यांची नजर पडद्यावर होती. आकडा चढत होता आणि त्यात त्यांच्या पत्नीचे सगळे क्लिक होते.

ते 'उद्या' काही उजाडले नाही. त्याच आठवड्यात साहेबांचे वडील मोरीत पडले. काठी सटकली आणि खुब्याचे हाड मोडले. आता ते उठून चालतील असे डॉक्टरांना वाटत नाही.

दवाखान्यातून साहेब थेट कार्यालयात आले आणि उभ्या उभ्याच त्यांनी माझ्यात 'काठीचं बूच' लिहिले. त्यांच्याच नियमाने मी त्यांना मेणबत्त्या दाखवल्या. ते पानामागून पान उलटत गेले. पार तळाशी बूच सापडले.

"ताई, हे आधी कुठे दिसायचं हो?"

"पहिलंच दिसायचं, साहेब."

साहेबांनी ते मागवले नाही. आता कोणासाठी मागवणार?

मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणाला काही विकाल, कोणाला काही सांगाल. समोरचा काय मागतो आहे ते आधी ऐका. नसेल तर सरळ नाही म्हणा. 'नाही' ऐकून माणूस निदान दुसऱ्या दुकानात तरी जातो. भलतेच पुढे करत राहिलात तर तो तिथेच शोधत बसतो, आणि तेवढ्यात घरी कोणीतरी झिजलेल्या काठीवर भार टाकून उठते.