एका मापाच्या दोघी

टेलरबाईचा हात कधी चुकत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. तीच टेलरबाई त्या आठवड्यात एका कोटाशी झटापट करत होती, आणि कोट काही ऐकायला तयार नव्हता.

कोट होता ताईचा. ताई म्हणजे तिची जुळी बहीण, जेमतेम दहा मिनिटांनी मोठी, पण त्या दहा मिनिटांचा तोरा बावन्न वर्षं मिरवत आलेली. शाळेत शिकवायची. महिन्यापूर्वी तिच्या छातीत गाठ लागली होती. एकामागून एक तपासण्या झाल्या आणि शेवटचा रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता. "त्या दिवशी मी नवा कोट घालून जाणार," ताईने बजावलं होतं. "डॉक्टरसमोर भेदरलेली बाई म्हणून बसायचं नाही मला."

दोघी एका मापाच्या. ताईला मापासाठी उभं करायची वेळ कधी आलीच नव्हती. टेलरबाई तिचे कपडे आपल्याच अंगावर चढवून आरशात बघायची, की झालं काम. याही वेळी तिने वहीतल्या जुन्या मापाने कापड बेतलं, कच्चे टाके घातले आणि कोट चढवला. बटण काजापर्यंत पोचेचना!

तिने बाजू उसवल्या, आत मुडपलेलं कापड थोडं सोडलं. बुधवारी पुन्हा घालून बघितलं, तरी घट्टच. डोकं चक्रावलं तिचं. कापड आटलं म्हणावं, तर ते आधीच भिजवून वाळवलेलं. टेप बिघडली म्हणावी, तर पोलादी पट्टीला लावून पाहिली, केसभर फरक नाही. शेवटी तिने आरशावर खापर फोडलं आणि होतं नव्हतं तेवढं कापड सोडून दिलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

त्यातच घरात चोर शिरलेला. सोमवारी भरलेला बिस्किटांचा डबा बुधवारी रिकामा. घरात माणसं दोनच, त्यामुळे तपास काही अवघड नव्हता.

"अहो, साखर बंद केलीय ना तुमची? लाज कशी वाटत नाही?"

"आईशप्पथ, मी झाकणालासुद्धा हात लावला नाही," नवरा म्हणाला. "उलट मी बघतोय, तूच..." पण तिच्या हातात कात्री होती, म्हणून तो पुढचं गिळून बसला.

गुरुवारी तिने टाचण्यांच्या डबीत बोटं घातली. हाताला टाचणी लागली नाही, बिस्किटाचा चुरा लागला. मशीनच्या खणातही चुरा आणि त्यात एक अख्खं बिस्किट. एप्रनच्या खिशात अर्धं बिस्किट, आणि त्यावर तिच्याच तिरक्या दाताची खूण.

"हे मी कधी खाल्लं?"

तिला खरंच आठवेना. जेवण तर दोन्ही वेळा पोटभर होत होतं. शुक्रवार मनात आला की पोटात खड्डा पडायचा, एवढं मात्र ठाऊक होतं. त्या खड्ड्यात आपण महिनाभर काय काय ढकललं, याचा पत्ताच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिने ते अर्धं बिस्किटही तोंडात टाकलं. आता या बाईला काय म्हणावं?

कोट आपल्याच वाढलेल्या अंगावर सैल केला, तो पुन्हा लहान करायला हवा हे ध्यानात येईतो शाळा सुटून ताई दारात हजर. तिने कोट घातला. खांदे खाली घसरले, पुढचा भाग पोत्यासारखा लोंबला.

"कुणासाठी शिवलायस गं? माझ्यासकट आणखी एक बाई मावेल यात!"

टेलरबाई हसायला गेली आणि तिने टेप घेतली. स्वतःचं अंग वाढलंय, हे तिने हिशेबात धरलंच होतं. पण ताईची कंबर वहीतल्या मापापेक्षाही तीन इंच कमी भरली. तिने पुन्हा मोजली. तेवढीच.

"ताई, तू जेवतेस ना?"

"घास उतरत नाही गं. डबा नेते, तसाच परत आणते. तुला कळलं तर तू घाबरशील, म्हणून बोलले नाही."

"आणि मी इथे तुझ्या वाटचंही खात बसलेय," टेलरबाईला रडू फुटलं. "भूक नसते, तरी खाते. मला काही समजतच नाही बघ."

"मला तरी कुठे समजतंय? शिकवते मी, म्हणून काय सगळं येतं?" ताईने तिचे डोळे पुसले. "हात डब्याकडे गेला की मला फोन कर."

"वर्गात असलीस तर?"

"वर्गात उचलीन. आणि मी ताट सरकवलं की तुला करीन. तू ओरड."

टेलरबाईने कोट ताईच्या अंगावरच टाचला, बाजू आत घेतल्या, मशीनवर शिलाई मारली. जास्तीचं कापड कापायला कात्री उचलली, तोच ताईने तिचं मनगट धरलं.

"ते कापू नकोस. आत राहू दे."

"फुगीर दिसेल गं."

"दिसू दे. उद्या काहीही निघालं तरी मला परत जाड व्हायचंय."

टेलरबाईने कात्री खाली ठेवली. खणात एकच बिस्किट उरलं होतं, ते तिने मोडून अर्धं पुढे केलं. ताईने ते बराच वेळ हातात धरलं आणि मग हळूहळू चावलं.

"भूक लागलीय वाटतं मला," ती म्हणाली. "की भीतीच आहे, कोण जाणे. दुसरं आहे का?"