शिडीच्या डोक्यावरची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उन्हात घालतात ती नव्हे, आणि समारंभात मिरवायची तर मुळीच नव्हे. मी रग्बी खेळणाऱ्याच्या डोक्यावर बसणारी, स्पंजाच्या गाद्यांची टोपी. माझा निळा रंग आता राखाडी झाला आहे. हनुवटीखालचा पट्टा कापलेला आहे. डाव्या कानाजवळची एक गादी दबून चपटी झाली, ती पुन्हा फुगलीच नाही.

माझा जन्म एका लांबलचक, खिडक्या कमी असलेल्या कारखान्यात झाला. स्पंजाच्या जाड चादरीतून साच्याने षटकोनी तुकडे कापले गेले आणि ते कापडाच्या दोन थरांमध्ये बसवून शिवले गेले. शिवणारी बाई मशीन चालवता चालवता शेजारणीला म्हणाली, "अगं, ही घालणाऱ्याचं डोकं तरी केवढं असेल?"

"डोकं असतं तर हा खेळ खेळला असता का?" शेजारीण म्हणाली, आणि सगळी रांग खदखदून हसली.

माझ्या आतल्या बाजूला एक कापडी पट्टी शिवली होती. तिच्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं की ही टोपी कान आणि कातडी यांच्या रक्षणासाठी आहे, डोक्याच्या आतल्या इजेपासून ती वाचवत नाही. म्हणजे मला काय जमतं आणि काय जमत नाही, हे माझ्या जन्माबरोबरच लिहून ठेवलं होतं.

दुकानातून मला ताईने विकत घेतलं. ती एका बेकरीत काम करायची. तिच्या धाकट्या भावाचा कान खेळात घासून घासून सुजला होता. "आरशात बघ एकदा," ती त्याला म्हणाली, "भट्टीत फसलेला पाव बरा दिसतो. उद्यापासून ही घालायची. नाहीतर तुझ्या बुटांना मी भट्टीतच टाकते."

भाऊ मुकाट्याने वाकला आणि तिने मला त्याच्या डोक्यावर बसवलं. वाकावं लागलंच, कारण तो इतका उंच होता की सगळा संघ त्याला शिडी म्हणायचा. घराच्या प्रत्येक दारातून तो मान झुकवूनच आत यायचा. आईवडील लवकर गेले होते. या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं.

तुम्ही रग्बी पाहिली नसेल तर सांगते. त्या खेळात एक वेळ अशी येते की दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांच्या खांद्यांत डोकी घुसवतात आणि बैलांसारखे समोरच्यांना रेटतात. शिडी दुसऱ्या रांगेत असायचा. पुढच्या दोघांच्या कमरांच्या फटीत त्याचं डोकं अडकलेलं असायचं, आणि त्याच्या कानांवर मी. तिथे घामाचा, चिखलाचा आणि गवताचा वास असायचा. कुणी कण्हायचं, कुणी शिव्या हासडायचं. माझं काम मी चोख केलं. त्याच्या कानांना पुन्हा कधी इजा झाली नाही.

प्रत्येक सामन्याआधी ताई मला हातात घेऊन थोपटायची. तिच्या बोटांचं पीठ माझ्या निळ्या कापडावर उमटायचं. "बघ हं," ती मला म्हणायची, "माझ्या भावाचं डोकं तुझ्या हवाली केलंय."

मला हात नाहीत, मित्रांनो, आणि तोंडही नाही. ती पट्टी वाच, एवढं मला तिला सांगता आलं नाही.

शिडीने मात्र ती वाचली होती. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि औषधाच्या बाटलीपासून सिमेंटच्या पोत्यापर्यंत जे छापलेलं दिसेल ते वाचायचा. वर्गात हजेरी घेताना त्याला वही लागत नसे. कोण कुठे बसतं, कोणाची बहीण कोणत्या इयत्तेत आहे, कोण वजाबाकीचं चिन्ह हमखास विसरतं, सगळं त्याला ठाऊक. एकदा जडत्वाचा धडा चालू असताना त्याने मलाच वर्गात नेलं. काचेच्या बरणीत त्याने काठोकाठ पाणी भरलं, अंड्याचा बलक अलगद आत सोडला, झाकण घट्ट लावलं आणि मला बरणीभोवती गुंडाळलं. मग बरणी जोरात हलवून त्याने एकदम थांबवली. बरणीला ओरखडासुद्धा आला नाही. आत बलक फुटून पाणी पिवळं झालं होतं.

"बरणी थांबली, बलक थांबला नाही," तो म्हणाला. "बाहेरून कितीही गाद्या बांधा. आतलं आतच आदळतं."

सगळा वर्ग त्या पिवळ्या पाण्याकडे बघत राहिला. मीही ऐकत होते, आणि मला वाटलं, चला, या माणसाला माझी हद्द माहीत आहे, तर हा स्वतःला जपेल.

पण माहीत असणं निराळं आणि हातातली संधी सोडणं निराळं.

ती संधी म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पर्धा. आमचा देश तिच्यात पूर्वीही खेळला होता, पण एकही सामना कधी जिंकला नव्हता. बाकीच्या देशांच्या खेळाडूंना खेळणं हेच काम. आमच्या संघात एक पोस्टमन होता, दोन सुतार होते, आणि गोट्या होता. गोट्या बस चालवायचा. तो इतका बुटका की सीटवर उशी ठेवल्याशिवाय त्याला रस्ता दिसत नाही, असं सगळे म्हणायचे. तो आणि शिडी जिवाभावाचे मित्र.

स्पर्धेआधी संघाच्या डॉक्टरबाईंनी प्रत्येकाची परीक्षा घेतली. त्या काही शब्द सांगायच्या, थोड्या वेळाने ते परत म्हणून दाखवायचे, महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. यातून प्रत्येकाच्या निरोगी डोक्याचं माप मिळत असे. पुढे सामन्यात कुणाचं डोकं आपटलं तर पुन्हा तीच परीक्षा घ्यायची. माप घसरलं तर खेळाडूने बाहेर बसायचं.

दाराबाहेरच्या बाकावर गोट्या शिडीच्या कानाशी लागला. "अरे, आत्ताच थोडं चुकून ठेव. सगळे तेच करतायत. मग पुढे डोकं आपटलं तरी माप तेवढंच भरतं. कोण काढतंय आपल्याला बाहेर?"

"ही लबाडी आहे, गोट्या."

"लबाडी कसली? आयुष्यात एकदा मिळतं हे. तुला काय बाहेर बसून टाळ्या वाजवायच्यात?"

शिडी हसला. आत गेल्यावर बाईंनी सांगितलं, आरसा, लिंबू, घोडा, पायरी, साबण. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तेव्हा शिडीने डोकं खाजवलं, मला हातात फिरवलं आणि तो म्हणाला, "आरसा... घोडा... पुढचं गेलं बुवा."

"अहो, तुम्ही मास्तर ना?" बाई म्हणाल्या.

"शाळेत मुलं आठवण करून देतात, बाई."

बाई हसल्या आणि त्यांनी ते माप खरं मानून लिहून घेतलं. घरी ताईला यातलं काही कळलं नाही.

स्पर्धेतल्या पहिल्या सामन्यात आमचा पार धुव्वा उडाला. दुसऱ्या सामन्यात मात्र काहीतरी वेगळं घडत होतं. समोरचा देश मोठा होता, पण आमच्या पोस्टमनने एकदा चेंडू घेऊन अशी काही धाव घेतली की अख्खं मैदान उभं राहिलं. आम्ही पुढे होतो! आणि तेव्हाच समोरून धावत आलेल्या एका दणकट गड्याचा गुडघा माझ्या डाव्या गादीवर आदळला.

ती गादी चपटी झाली. जेवढा दणका मला पिता आला तेवढा मी प्याले. उरलेला आत गेला.

शिडीला बाजूच्या खोलीत नेलं. बाईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "डोकं दुखतंय?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही हो."

त्यांनी नवे शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. शिडीला दोनच आठवले. या वेळी तो मुद्दाम विसरला नव्हता. मी त्याच्या हातात होते, आणि त्याची बोटं माझा पट्टा असा धरून होती, जणू उरलेले शब्द त्याच्या शिवणीत सापडतील. बाईंनी जुनं माप पाहिलं. तेही दोन. त्या घुटमळल्या. बाहेर लोकांचा नुसता कल्लोळ चालला होता.

"जा," त्या म्हणाल्या, "पण काही वाटलं तर लगेच बाहेर या."

तो गेला. शेवटी शेवटी आमच्याच गोलरेषेजवळ ती आठ-आठांची रेटारेटी लागली आणि कोसळली. सगळ्यांच्या खाली शिडी होता. त्या गर्दीत चेंडू त्याच्या हाती आला, आणि तो त्याने सोडला नाही. शिटी वाजली. आमचा देश पहिल्यांदा जिंकला. लोक रडत होते, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. शिडी उठला नाही. कुणीतरी कात्रीने माझा पट्टा कापला आणि मला त्याच्या डोक्यावरून उतरवलं.

रुग्णवाहिकेत मी त्याच्या छातीवर होते आणि शेजारी गोट्या, चिखलाने माखलेला. शिडीने डोळे उघडले. "गोट्या, काय झालं रे? जिंकलो का?"

"जिंकलो रे, जिंकलो! तूच तर चेंडू धरलास!" गोट्या आनंदाने ओरडला.

शिडी हसला. गाडी एक वळण वळली. "गोट्या, जिंकलो का?"

"हो रे. जिंकलो."

मग पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. प्रत्येक वेळी शिडीचा चेहरा नव्याने उजळायचा आणि प्रत्येक वेळी गोट्याचा आवाज थोडा खाली जायचा. दवाखान्याच्या फाटकाशी आलो तेव्हा गोट्या नुसती मान हलवत होता. 

शिडी वाचला. पण तो घरी आला तो निराळा होऊन. उजेड त्याला सहन होईना, म्हणून खिडक्यांना जाड पडदे लागले. भांडं पडलं तरी तो कान झाकून ओरडायचा, मग ताईची माफी मागायचा. बऱ्याच दिवसांनी तो शाळेत गेला. वर्गात उभा राहिला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बघत म्हणाला, "तू... तू, बाळ..." नाव आलं नाही. पूर्ण वर्ग श्वास रोखून बसला होता, असं त्याने घरी येऊन ताईला सांगितलं. पुढे मुख्याध्यापकांनी त्याला प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायचं काम दिलं. माणूस भला होता तो. पण शिडी त्या दिवशी जेवला नाही.

विजयाचा तो दिवस शिडीला कधीच आठवला नाही. लोक घरी यायचे, त्याने चेंडू कसा धरला ते रंगवून सांगायचे. तो दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसा नम्रपणे ऐकायचा.

आणि ताई? तिने एकदा मला पिशवीतून बाहेर काढलं. तिचे हात पिठाचेच होते. "तुला सांगितलं होतं ना गं," ती म्हणाली, "तुला सांगितलं होतं." तिने मला थोपटलं नाही. चपलांच्या बाकाखालच्या खोक्यात टाकलं आणि वर जुने बूट ठेवले. मला तिचा राग आला नाही. राग तरी तिने कुणावर काढायचा होता?

त्या खोक्यात मी पुष्कळ काळ पडून होते. मग एके दिवशी दुपारी डॉक्टरबाई घरी आल्या, खोक्याच्या फटीतून मला त्या दिसल्या. त्यांनी संघाचं काम सोडलं होतं.

"मला तुमच्या डोळ्यांकडे बघून शंका आली होती," त्या म्हणाल्या. "तरी माप जुळलं म्हणून मी तुम्हाला पाठवलं. माझंच चुकलं. मला झोप लागत नाही."

 शिडी सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाला, "बाई, तुमचं नाही चुकलं. पहिलं माप खोटं होतं. मला पाचही शब्द येत होते. मी दोनच सांगितले."

स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला. ताई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही ओरडणार. तिने चहाचे कप खाली ठेवले आणि अगदी हळू विचारलं, "मुद्दाम नापास व्हायला तू कुठे शिकलास रे?"

शिडीने मान खाली घातली. डॉक्टरबाई रडत होत्या. ताईने त्यांच्यासमोर कप सरकवला. "प्या. गार होईल," ती म्हणाली. मग तीही शेजारी बसली.

पुढची स्पर्धा आली तेव्हा गोट्या संघाचा प्रशिक्षक झाला होता. तो घरी आला, पण उंबऱ्यापाशीच उभा राहिला. "डॉक्टरबाई संघात परत आल्यात," तो म्हणाला. "उद्या पोरांची ती परीक्षा आहे. मुद्दाम चुकू नका, हे मी त्यांना सांगून थकलो, ते ऐकत नाहीत. माझ्या तोंडून ते शोभतही नाही. तू येशील?"

शिडीने मला खोक्यातून काढलं आणि तो निघाला. ताई सोबत होती.

सरावाच्या हॉलमध्ये नवे खेळाडू बसले होते. एकमेकांना कोपरखळ्या मारत होते, डोळे मिचकावत होते. त्यांच्यासमोर शिडी खुर्चीवर बसला आणि बाईंना म्हणाला, "आधी माझी घ्या." बाईंनी पाच शब्द सांगितले. त्यांनी परत विचारलं तेव्हा शिडीने मला घट्ट धरून प्रयत्न केला. खरा, अगदी मनापासून. एक शब्द आला. मग आला नाही, आला नाही. बाईंनी त्याला भरपूर वेळ दिला. कोपरखळ्या थांबल्या.

"मी एकदा याच परीक्षेत शब्द न आठवण्याचं नाटक केलं होतं," तो म्हणाला.

मागून एका तरुण खेळाडूने चाचरत विचारलं, "सर, पण... आपण जिंकलो तेव्हा कसं वाटलं होतं?"

 ताईने शिडीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला नाही माहीत, बाळा," तो म्हणाला. "तुम्ही जिंकलात की घरी येऊन मला सांगा. पण सांगता आलं पाहिजे हं तुम्हाला."

मित्रांनो, मी साधी टोपी आहे. कान सांभाळते, त्यापलीकडे माझी पोच नाही. म्हणून हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं: खेळताना डोकं आपटलं, तर आईला सांगा, बाईंना सांगा, कुणालाही सांगा, पण लपवू नका. आणि तुमचा एखादा मित्र डोकं दुखतंय म्हणून मैदानाबाहेर बसला, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. सामन्यात काय काय झालं, ते त्याला नंतर आठवू द्या.