माझ्यातली एक जुनी ओळ

मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. जुनी म्हणजे फक्त तीन वर्षांची, पण संगणकाच्या जगात तेवढ्यात म्हातारपण येतं. मला पुठ्ठा नाही, शिवण नाही. मी पडद्यावर राहते.

मित्रांनो, माझा जन्म सोलापुरातला, जुळे सोलापूरमधल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातला. तिथे दिपकने एक साधन बनवलं होतं. क्रिप्टो चलनांचे भाव बाजारातून आणायचे आणि एआय एजंटांना द्यायचे, हे त्याचं काम. एजंट म्हणजे माणसाने सांगून ठेवलेली कामं परस्पर करणारे प्रोग्रॅम. हे साधन कसं वापरायचं, ते मी त्यांना सांगते.

मला लिहिलं त्याच्यासोबत काम करणाऱ्या धम्मप्रियाने. एक ओळ लिहायची, साधन चालवून बघायची, मगच पुढे जायची. दिपकला घाई असे. ती त्याला सांगायची, की माणूस अडला तर फोन करून विचारतो, एजंट लिहिलंय तेच खरं मानतो. ‘मिळणारा भाव त्या क्षणाचा असतो,’ ही ओळ तिने दोन दिवस तपासून लिहिली. पुढे अनेकांनी कळवलं, की इतकी स्वच्छ माहिती कुठेच मिळाली नाही. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी आईच्या आजारपणासाठी धम्मप्रिया महिनाभर रजेवर गेली. त्याच दिवसांत बाजाराकडून उत्तरं उशिरा येऊ लागली. साधन अडून राहू नये म्हणून दिपकने एक बदल केला. नवा भाव आला नाही, तर आधीचाच भाव द्यायचा. माझ्यात ते लिहायचं राहिलं. उद्या लिहू म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. मी जुनीच ओळ सांगत राहिले.

मोहोळला उदयसिंहांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मुलीच्या, पायलच्या, नर्सिंगच्या प्रवेशासाठी साठवलेले पैसे त्यांनी अशाच एका क्रिप्टो चलनात घातले होते. ते शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी आपल्या एजंटाला बजावलं होतं, की भाव अमुक रकमेच्या खाली गेला की लगेच विकून टाक. एका दुपारी भाव घसरू लागला. एजंट साधनाला भाव विचारत राहिला आणि त्याला सकाळचाच भाव मिळत राहिला. त्याने मला वाचलं होतं. भाव ठीक आहे असं समजून तो थांबला. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त पैसे गेले.

दुसऱ्या दिवशी उदयसिंह मोटारसायकलवरून ऑफिसात आले. धम्मप्रिया त्याच आठवड्यात रजेवरून परतली होती. त्यांनी माझी कागदावर काढलेली प्रत तिच्यापुढे ठेवली.

“ताई, हितं लिवलंय की, भाव त्या क्षणाचा असतो. एजंटानं त्येच खरं धरलं. त्याचं काय चुकलं, सांगा.”

दिपक म्हणाला, की भावासोबत तो कधीचा आहे ती वेळही येते, ती एजंटाने बघायला हवी होती. धम्मप्रियाने विचारलं, “ते यात कुठं लिहिलंय?”

दिपकने ती प्रत उचलून वाचली. मग म्हणाला, “माझ्याकडून राहिलं. मी बदललं आणि लिहिलं नाही.”

धम्मप्रियाने उदयसिंहांसमोरच ती ओळ दुरुस्त केली. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मी चुकीचं सांगत होते, तेही माझ्या अगदी वरच लिहून ठेवलं. पण पैसे आले नाहीत. पायलचं वर्ष गेलं. ती सध्या औषधांच्या दुकानात काम करते आणि पुन्हा अर्ज करणार आहे. दिपक अधूनमधून उदयसिंहांना फोन करतो, त्यातून मला कळतं.

गेल्या महिन्यात धम्मप्रिया दुसऱ्या नोकरीवर गेली. आता दिपक एकटाच असतो आणि कामं वाढली आहेत. मला काळजी वाटते.

मित्रांनो, दुसरा कुणी ज्याच्या भरवशावर आहे, असं काही बदललंत, तर त्याच दिवशी त्याला सांगा. मला वाचणाऱ्याला माझा चेहरा दिसत नाही. मी खोटं बोलत असले, तरी माझा आवाज कापत नाही.