दोनशे यार्डांच्या अलीकडे

वारा आधी गवतात दिसतो, मग कानाला लागतो.

रानमेंढ्याच्या शिंगावर दर वर्षी एक वळं चढतं. हिवाळा कडक गेला की ते बारीक निघतं.

नवं तांबं जर्दाळूच्या रंगाचं असतं.

अर्डिथच्या स्वप्नात बंदुकीच्या गोळ्या पोहतात. त्यांना घाई नसते. धुराड्यावरून, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून त्या माशांसारख्या सरकत जातात आणि ती हात वर करून एकेकीचं पोट चाचपून बघते.

चर्चच्या पायरीवर गावातला डेल्बर्ट सगळ्यांना सांगत होता की ड्यूबॉइस गावात आता गळाला बांधायलाही शिसं उरलेलं नाही, सगळं लेलंडनं उचललं.

दुपारच्या उन्हात लांबचं काहीच जागेवर राहत नाही.

हे सगळं एकाच उन्हाळ्यातलं. मे महिन्यात लेलंडला सोडतीत रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. वायोमिंगमध्ये माणसं तरुणपणी या परवान्यासाठी अर्ज करायला लागतात आणि बहुतेकांचा नंबर गुडघे गेल्यावर लागतो, तोही लागला तर. पुन्हा लागेल अशी आशा कोणी करत नाही. लेलंड त्या दिवशी अंगणात नुसता उभा राहिला होता, हात खिशात घालून, डोंगराकडे तोंड करून.

तो हजार यार्डांच्या नेमबाजीच्या स्पर्धांमधला माणूस. हिवाळ्यात सरकारी गाडीवर बसून रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा आणि उन्हाळ्यात पोटावर पडून गोळ्या झाडायच्या, यात त्याचा जन्म गेला. काडतुसं मात्र त्याची बायको अर्डिथ घरी भरायची. ती प्रत्येक गोळी तराजूत घालायची, भिंगाखाली धरायची, काचेवर लोळवून बघायची. जी वाकडी लोळली ती कॉफीच्या रिकाम्या डब्यात. गावात म्हणायचे, निशाण त्याचं, पण हात तिचा.

जूनपासून निशाण पसरायला लागलं. सहाशे यार्डांवर पांढरा रंग दिलेला लोखंडी पत्रा टांगलेला होता. त्यावर ज्या गोळ्या बशीएवढ्या जागेत बसायच्या, त्या परातीएवढ्या जागेतही बसेनात. लेलंड म्हणाला, गोळी वाईट आहे.

मग गोळ्या बदलणं सुरू झालं. आधी स्पर्धेतली, सुईसारखी लांब, मागे नावेसारखी निमुळती. वारा कापत जाते, पण जनावराच्या अंगातून कधी नुसती आरपार निघून जाते, तर कधी खांद्याच्या हाडावर फुटून तिचा चुरा होतो. मग लाल प्लॅस्टिकच्या टोकाची. लांबही जाते आणि आत जाऊन उमलतेही, पण फार लांबवर वेग मेला की उमलत नाही. मग सबंध तांब्याची. मग तीच, थोडी जड. प्रत्येक गोळीच्या बाजूने लेलंडकडे मुद्दे असायचे आणि जेवताना तो ते अर्डिथला समजावून सांगायचा. ती ऐकायची आणि भरायची. दर आठवड्याला नवा डबा, नवी आशा, आणि पत्र्यावर पुन्हा परात.

ऑगस्टमध्ये एके दिवशी तो ट्रॅक्टरच्या एका भागासाठी रिव्हर्टनला गेला. अर्डिथने बंदूक उचलली आणि त्याने सगळ्यात वाईट ठरवलेल्या गोळ्या घेऊन ती त्याच्या जागेवर पालथी झाली.

गोळी पाऊण सेकंदात पोचते. पण पत्र्याचा आवाज परत यायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात माणूस कुठेही असू शकतं. अर्डिथ पहिल्या गोळीला लँडर गावातल्या नाचाच्या हॉलमध्ये होती आणि लेलंड तिच्या पायावर पाय देत होता. टण्ण. दुसऱ्या गोळीला तिच्या आईच्या स्वयंपाकघरात पीठ उडत होतं. टण्ण. तिसऱ्या वेळी ती कुठेच नव्हती, उन्हाच्या लाटांमधून पत्रा नदीत पडल्यासारखा हलत होता, आणि तिला वाटलं, आवाज येऊच नये. टण्ण. चौथी. पाचवी.

ती चालत पत्र्यापर्यंत गेली. पाच करडे डाग, कपाने झाकता येतील एवढ्यात.

गोळ्या चांगल्या होत्या. बंदूक चांगली होती.

तिने शेडमधून पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि पत्रा रंगवून टाकला. संध्याकाळी लेलंड गाडीतून उतरला, नाक वर करून म्हणाला, रंगाचा वास येतोय. ती म्हणाली, पत्रा गंजला होता. तो हं म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर तिची स्वप्नं बिघडली. त्या स्वप्नांत एक मेंढा खडकांमधून चालत असायचा, मागचा पाय ओढत, आणि लेलंड त्याच्यामागे हाका मारत फिरायचा. मेंढा थांबायचा नाही, खाली बसायचाही नाही. लेलंडचा बेत ठरलेला होता: दरीच्या या कडेला बसायचं आणि त्या कडेवरचा मेंढा टिपायचा, सात-आठशे यार्डांवरून. तसं जखमी जनावर हातातून निसटलं तर हा माणूस उरलेलं आयुष्य त्याच कड्याकडे बघत काढील, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि जाऊ नको म्हटलं तर तेच आयुष्य अंगणात उभा राहून काढील.

हंगामाच्या आधीच्या आठवड्यात तो म्हणाला, या वेळी गोळी तू निवड, मी तोंड घालणार नाही.

तिने निवडली. हार्डवेअरच्या दुकानात खालच्या फळीवर, धूळ बसलेल्या डब्यांत ती मिळते. बुटकी, जड, पुढे उघड्या मऊ शिशाचं बोथट नाक. दाट झाडीत एल्क हरणं मारणारे लोक ती वापरतात. जवळून तिच्यासारखी गोळी नाही. लांबवर ती ढेकळासारखी पडते.

सकाळच्या उन्हात, स्वयंपाकघराच्या टेबलावर, तिने काडतुसांची पेटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने एक उचललं. बघितलं नाही, अंगठा टोकावरून फिरवला. अंगठ्याला शिशाचा करडा डाग लागला.

"ही बोथट आहे."

"हो."

"हिचं दोनशे यार्डांपलीकडे काही खरं नसतं."

"मग दोनशेच्या अलीकडे जा."

"आणि मेंढ्याला काय सांगू? बाबा रे, जरा थांब, माझे गुडघे येतायत मागून?"

"सांगून बघ. लग्नाआधी मलाही तेच सांगितलं होतंस."

तो हसला नाही. काडतूस बोटांत फिरवत राहिला. बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकून गप्प झाला.

"पत्रा रंगवलास त्या दिवशी," तो म्हणाला, "किती आलं होतं गं?"

तिने टेबलावरचा त्याचा कप उचलला, पालथा घातला आणि तसाच ठेवला.

त्याने कपाकडे बघितलं; म्हणजे कपाच्या जरा बाजूला बघितलं. हल्ली तो सगळीकडे तसंच बघायचा.

"म्हणजे गोळ्या चांगल्या होत्या," तो म्हणाला.

"चांगल्याच होत्या."

"सगळ्या?"

"सगळ्या, लेलंड."

त्याने काडतूस पेटीत परत ठेवलं, झाकण लावलं आणि विचारलं की खेचरावर तिचाही बिछाना बांधायचा का. ती म्हणाली, नाहीतर काय, तुझ्यामागून चालत येऊ?

डोंगरात वर पोचल्यावर ढग त्यांच्या खाली होते. डोंगर त्यांतून बेटांसारखे वर आलेले, आणि कधी एखादं बेट बुडायचं, पुन्हा निघायचं. ती दुर्बिणीतून बघायची आणि त्याला सांगायची: तिथे तीन माद्या, तिथे एक पोरगेला मेंढा, तिथे नुसता दगड. तो ऐकायचा, डोळे मिटून. मेंढे दिसायचे आणि विरून जायचे. दोनदा दरीपलीकडे मोठा मेंढा उभा राहिला, आठशे यार्डांवर, आरशात उभा राहावा तसा. लेलंडने विचारलं, किती लांब? तिने सांगितलं. त्याने बंदुकीला हात लावला नाही.

तिसऱ्या सकाळी तो मोठा मेंढा त्यांच्या अगदी खाली, कड्याच्या सावलीत बसलेला सापडला. दोघांनी बूट काढले. शेवटचा उतार मोज्यांनीच उतरायचा असतो, खडा वाजला की संपलं. ती पुढे, तो मागे, त्याचा हात तिच्या पाठीवरच्या पिशवीवर. दगड गार होते. मोजे ओले झाले. ढग वर आला, दोघांना पुसून गेला, खाली उतरला. किती वेळ गेला कोणास ठाऊक; तिला वाटलं, आपण झोपेत चालतोय आणि हा मला धरून चालतोय, की उलट.

मेंढ्याचा श्वास ऐकू आला, घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा.

ती खाली बसली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, काळ्या दगडाच्या डावीकडे. लेलंडने गाल बंदुकीला टेकवला, मान जरा तिरपी केली. मग आणखी जरा.

"मधे बघितलं की डाग," तो पुटपुटला. "बाजूला बघितलं की हा."

तिला वाटलं, आता मधे वेळ मिळेल, कुठेतरी जाऊन येता येईल. मिळाला नाही. बार आणि मेंढा एकदमच. मेंढा उठला, दोन पावलं टाकली आणि दमल्यासारखा पुन्हा खाली बसला. मग त्याने मान टेकली.

ती दोघं तशीच ओल्या मोज्यांनी बसून राहिली. ढग पुन्हा वर येत होता.

"किती अंतर होतं?" लेलंडने विचारलं.

"अंगणाच्या फाटकाएवढं."

"मला त्याचा डोळा दिसला, अर्डिथ. इतक्या वर्षांत कधी कोणाचा दिसला नव्हता."

 त्याची बंदूक घेऊन तिने रिकामी केली आणि त्याला उठायला हात दिला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, परवाना लागण्याच्याही आधी, लेलंड एकटाच कॅस्परला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता, आणि परत येताना वाटेत थांबून त्याने नव्या गोळ्यांचा पहिला डबा विकत घेतला होता.